वच्छलाबाईच्या थैल्या

कुणाच्या अंगावर चांगला ब्लाउज दिसला की बायका कापड कुठून आणलं, शिवला कोणी, हे विचारतात. वच्छलाबाई काहीच विचारत नसत, कारण तो बहुतेक त्यांनीच शिवलेला असे. त्या नुसतं बघत आणि सांगत, "याच्यात माह्या घरी मसूर हाय." नवखी बाई गोंधळून स्वतःकडे बघत राही. मीही राहिले होते. माझ्या बाबतीत तर त्यांनी आठवडी बाजारात, वांग्यांच्या ढिगापाशी, ओळखीच्या चारचौघींसमोर जाहीर केलं होतं, "म्याडमच्या जांभळ्या ब्लाउजात बरबटी भरली म्या. लय मजबूत कापड हाय." त्यानंतर कितीतरी दिवस तो जांभळा ब्लाउज घालताना मला चवळीची उसळ आठवायची.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर बदलून वडनेर भोलजीला आले तेव्हा जे घर भाड्याने मिळालं, त्याच्या भिंतीला भिंत लावून वच्छलाबाईंचं घर होतं. नवरा रामदासभाऊ, मुलगा संतोष आणि पायाने चालवायचं एक शिलाई मशीन, एवढा त्यांचा संसार. सून नंतर आली. मशीन पहाटेच सुरू व्हायचं आणि आमच्या स्वयंपाकघरातली भांडी त्या तालावर हलकेच थरथरायची. पहिले काही दिवस मला त्याचा राग यायचा. पुढे ते मशीन बंद असलं की मी भिंतीला कान लावायला लागले.

शिवताना उरलेली कात्रणं म्हणजे शिंपिणीचा हक्क. दुसऱ्या बायका त्यांच्या गोधड्या करतात, पायपुसणी करतात. वच्छलाबाई थैल्या शिवत. दुहेरी कापडाच्या, दोन वेळा टीप मारलेल्या, तोंडाला नाडी ओवलेल्या. त्यात धान्य भरून त्या एका मोठ्या लोखंडी पेटीत आणि पलंगाखालच्या डब्यांत ठेवत. कशात काय आहे हे त्यांना आठवावं लागत नसे. पोस्टातल्या बाईंच्या ठिपक्यांत मूग, गिरणीवालीच्या मोरपंखीत तूरडाळ, कुणाच्या तरी लग्नातल्या जरीकाठात शेंगदाणे. सुनेला त्या आतून ओरडून सांगत, "गिरणीवालीले सोड वं, वरन कराचं हाय." नवा पाहुणा आला असेल तर तो दचकून सुनेकडे बघे.

या सगळ्याला त्या 'अडचनीची पेटी' म्हणत. घरात आजार आला, काम सुटलं, पाऊस लागून राहिला, तर त्या पेटीवर घर महिनोन् महिने चालावं हा बेत. पैसेवाल्याने असं करणं सोपं, एका दिवसात दुकानातून पोतं आणून टाकलं की झालं. वच्छलाबाईंना ते शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी आपली रीत काढली होती. तुरीचा हंगाम आला की शेतकरी घरच्या बायकांकडून त्या शिलाईचे पैसे घेतच नसत. म्हणत, "पैसे कायले देता? खळ्यावरून तूर आना. खळ्यावर ते गरीब असते. दुकानात गेली का तिले मस्ती येते." भाजी त्या बाजार उठता उठता घेत. वांगी, गवार, मेथी मिळेल त्या भावात आणून पत्र्यावर वाळवत. उन्हाळ्यात मुगाच्या वड्या, बाजरीच्या खारोड्या. तूरडाळीला एरंडेलाचा हात, तांदळात सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला. आणि रोजची मूठ. स्वयंपाकाला मापाने डाळ-तांदूळ काढले की त्यातली एक मूठ त्या परत घेत आणि थैलीत टाकत. पाहुणे आले तरी मूठ चुकायची नाही.

"मुठीनं कोनाचं पोट कमी भरत नसते," त्या म्हणत, "पन मुठीमुठीनं थैली भरते."

आता या बाईचा दुसरा, मला खूप छळणारा स्वभाव सांगते. त्या कुणाचं काही ठेवून घेत नसत. आपल्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये अशी रीत आहे, ते ठीक. पण वच्छलाबाईंनी त्या रीतीचं युद्ध करून टाकलं होतं. मी शंकरपाळ्यांची वाटी पाठवली की मशीन थांबायचं, आणि थोड्या वेळात तीच वाटी शेंगदाण्याची चटणी घेऊन दारात हजर. शेवटचं देणं कधी आमच्या हातचं राहू द्यायचं नाही, म्हणजे नाही. एकदा मी मुद्दाम डाव टाकला. दिवाळीच्या सुट्टीत माहेरी अकोल्याला निघताना, बॅगा बाहेर काढल्यावर त्यांना लाडवांचा डबा दिला आणि तडक हायवेवरच्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. एसटी आली, आम्ही बसलो, मी मनात विजय साजरा करते आहे तोच खिडकीबाहेरून हात आला. हातात आमचा डबा, डब्यात खारोड्या. "गाडीत लेकराइले चावाले होतीन," म्हणाल्या. धापा टाकत होत्या. कंडक्टरने घंटी मारली म्हणून, नाहीतर तिथेच माझं त्यांच्याशी भांडण झालं असतं.

उसनं मागणं तर दूरच. माझ्याकडे साखर संपली, दूध नासलं की मी खुशाल भिंतीवर थाप मारायची. पलीकडून थाप कधी आली नाही. एकदा त्यांच्याकडे मीठ संपलेलं मला दिसलं. वरण चुलीवर, आणि संतोष दुकानाकडे पळतोय. मी म्हटलं, "अहो, चिमूटभर मिठासाठी त्याला कशाला पळवता? माझ्याकडून घ्या." त्यांनी वरणावर झाकण ठेवलं. "मीठसुदिक उसनं घेत नसते मी, म्याडम. थांबते ना वरन. वरनाले कुठं एसटी पकडाची हाय."

मला राग आला. इतकं काय तोडून वागायचं, असं वाटलं. रामदासभाऊंना मी तसं बोलूनही दाखवलं. ते फार कमी बोलायचे. म्हणाले, "तिले नका काई म्हनू. ते तशीच हाय." आणि आपला लंगडणारा पाय ओढत आत गेले.

त्या पायाशीच सगळी गोष्ट होती, हे मला वच्छलाबाईंनी एका दुपारी हुकं लावता लावता सांगितलं. ही मंडळी आधी धामणगाव बढ्याला राहत होती. रामदासभाऊ जिनिंगमध्ये हमालीला जात. तिथे कापसाची गाठ पायावर पडली आणि सगळा पावसाळा ते प्लास्टर घालून खाटेवर पडून राहिले. तेव्हा मशीन नव्हतं. संतोष लहान होता.

"घरात दाना नोयता," वच्छलाबाई सांगत होत्या, मान खाली, नजर हुकावर. "सांच्याले शेजारनीची चूल पेटली का संतोष तिच्या दारात जाऊन उभा राहे. मांगे नाई काई. नुसता उभा राहे. ते देये बिचारी भाकर. वाईट नोयती ते, खोटं कायले बोलू. पन एक दिवस नळावर मी मागं उभी हावो, हे तिले दिसलं नाई. दुसरीले म्हने, 'वच्छलाचं पोरगं वासावर येते.'"

त्यांनी दोरा दाताने तोडला. "म्या घागर भरली अन् घरी आली. तवापासून एकच हाय म्याडम. माह्या घरच्या मानसानं पराया दारात उभं राह्यलं नाई पाह्यजे. मंग मी मरो का जगो."

मी त्यानंतर त्यांना मिठावरून कधी बोलले नाही. राग मात्र पूर्ण गेला नव्हता. वासावर येते म्हणणारी ती एक बाई, आणि तिची शिक्षा आम्हा सगळ्यांना का, असं मला वाटायचं.

पेटीच्या बाबतीत त्या लगेच शहाण्या झाल्या असं समजू नका. पहिल्या वर्षी त्यांनी पेटी भरली, कुलूप लावलं आणि त्या अभिमानाने तिच्याकडे बघत राहिल्या. हात लावला नाही, लावू दिला नाही. वर्षाने उघडली तर मुगात भुंगे, तांदळात जाळी. ही गोष्ट त्या स्वतःच रंगवून सांगत. "अडचनीसाठी ठेवलं व्हतं, अडचन आली नाई, किडे आले. त्याइनं मस्त जेवन केलं." तेव्हापासून नियम झाला की थैली ठेवायची नाही, फिरवायची. जुनी आधी खायची, तिच्या जागी नवी भरायची. कुलूप गेलं.

मी एकदा त्यांचं बघून आपणही अडचणीची पेटी करावी म्हटलं. टीव्हीवर करोनाच्या बातम्या सुरू झाल्या होत्या आणि सगळा देश दुकानांकडे पळत होता. मीही पळाले. नांदुऱ्याहून पिशव्या भरभरून आणल्या. शेवयांसारखे ते झटपट नूडल्स, बिस्किटं, दुधात टाकून खायचे मक्याचे पोहे, डबाबंद काहीबाही. वच्छलाबाईंनी एकेक पुडा हातात घेऊन बघितला.

"हे खाता का तुमी रोज?"

"रोज नाही. पण अडचणीसाठी."

"लेकरं खातात का?"

"खातील की वेळ आल्यावर."

"लेकरू अडचनीत नवं खानं खात नसते वो म्याडम. अडचन हेच नवं असते. जेवन तरी जुनं पाह्यजे."

लेकरांनी अर्थात अडचणीची वाट पाहिली नाही. बिस्किटं आणि नूडल्स त्यांनी आठवड्यातच संपवले. मक्याचे पोहे कुणी खाईना, ते शेवटी गल्लीतल्या एका शेळीला गेले आणि शेळीनेही फारसा उत्साह दाखवला नाही. मी स्वतः हसेपर्यंत वच्छलाबाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त माझ्याच जांभळ्या कापडाची एक रिकामी थैली आणून दिली आणि म्हणाल्या, "आजपासून मूठ काढा."

मग एका मे महिन्यात वादळ झालं. घरांवरचे पत्रे उडाले, विजेचे खांब मधोमध मोडून शेतांत पडले, आणि गावची डीपी जळाली. लाइन कधी येईल ते सांगायला कुणी तयार नव्हतं. पहिला दिवस गमतीत गेला. दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीच्या एकदमच लक्षात आलं की घराघरात ज्वारीची पोती आहेत, गहू आहे, आणि पीठ कुणाकडेच नाही. आपण सगळे आठवड्याचं दळण दळून आणणारे. गिरणी बंद, मिक्सर बंद, आसपासच्या गावांतही तीच गत.

मी निर्धास्त होते. भिंतीपलीकडे पेटी होती. पण तिकडे गेले तर वच्छलाबाई जमिनीवर बसलेल्या, भोवती सगळ्या थैल्या उघड्या. ज्वारी अख्खी. गहू अख्खा. इतक्या वर्षांत त्यांनी सगळं साठवलं होतं, पण पिठाला कीड लवकर लागते म्हणून पीठ कधी ठेवलं नव्हतं, आणि लाइन जाईल हे मनात आलंच नव्हतं. तांदूळ होते, पण त्या घरात भाकरीशिवाय जेवण झालं असं रामदासभाऊंना वाटत नसे. वच्छलाबाईंचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. हसत होत्या.

"सारं जमा केलं म्या म्याडम," त्या म्हणाल्या, "अन् दातच जमा कराचे राह्यले."

उठून त्या दारात आल्या आणि पायरीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांच्या दारापुढची पायरी म्हणजे जात्याचा उलटा घातलेला दगड होता. मी त्यावर रोज पाय देऊन आत जायची, कधी लक्षात आलं नव्हतं. "सासूनं याच्यावर दळलं," त्या म्हणाल्या. "गिरनी आली अन् म्या याले पायात टाकलं." त्यांनी वाकून दगडाला हात लावून कपाळाला लावला. रामदासभाऊंनी आणि आमच्या ह्यांनी सब्बल घालून तो खालचा दगड उपटला. वरचा दगड मोरीपाशी धुण्याच्या कामाला होता, तो आणला. घासून धुतले, संतोषने बाभळीचा खुंटा ठोकला. पण किती वर्षांत टाकी लावून खाचा पाडलेल्या नव्हत्या, दोन्ही दगड गुळगुळीत. पीठ काही पडेना. ज्वारी नुसती भरडून येत होती.

"कण्या तर कण्या," वच्छलाबाई म्हणाल्या. "आपले बुढेबाढे कण्या खाऊनच म्हातारे झाले."

ताकातल्या कण्यांचा वास गल्लीत गेला आणि बायका आपापली ज्वारी घेऊन यायला लागल्या. ती दळणं चालू असताना मी पाहिलं की पलीकडच्या घरातली बाळंतीण दारातच घुटमळते आहे. तिच्याकडे भरडायलाही फारसं काही नव्हतं. वच्छलाबाईंनी तिला दारात उभं राहू दिलं नाही. हाताला धरून आत नेलं, पोस्टातल्या बाईंच्या ठिपक्यांची मुगाची थैली नाडीसकट तिच्या ओटीत घातली आणि म्हणाल्या, "थैली वापस करजो. मूग नको." लाइन येईपर्यंत अशा किती थैल्या त्या घरातून गेल्या ते मला माहीत नाही. त्यांनीही मोजल्या नाहीत.

लाइन आली त्या संध्याकाळी आम्ही दोघी जिथे पायरी होती त्या खड्ड्याच्या कडेला बसलो होतो. दोघींचे दंड दुखत होते. मी म्हटलं, "ही पेटी तुमच्या घरासाठी होती ना?"

"गल्लीले अडचन आली म्हंजे घराले आलीच."

"आता या बायका उद्या काही घेऊन येतील. ठेवून घ्याल?"

"नाई."

"काऊन?" मी विचारलं. मी चिडले की माझंही अकोला बाहेर येतं.

"देनारीले झोप लागते, म्याडम. घेनारीले लागत नाई. मले मालूम हाय ते."

मग मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, "असं असेल तर आमची झोप तुम्ही का उडवता? इतकी वर्षं तुमचं खातेय मी. चटण्या, खारोड्या, आता कण्या. परत काही द्यायला गेले की तुम्ही एसटीच्या मागे पळता. एकट्या तुम्हीच झोपायचं का वच्छलाबाई? आम्ही शेजारच्यांनी कधी झोपायचं?"

आवाज जरा चढला होता माझा. त्यांनी कोंडा झाडून गोळा केला, सूप उचललं आणि आत गेल्या. पुढचे काही दिवस भिंतीपलीकडून फक्त मशीन ऐकू येत होतं. मला वाटलं, तोडलं मी.

पुढे बोलणं सुरू झालं, तो विषय मात्र निघाला नाही. त्या दिवाळीच्या आदल्या दिवशी त्या दारात आल्या. हातात थैली होती. बाकीच्या सगळ्या थैल्या लोकांच्या कापडाच्या असत, ही मात्र वेगळी. हिरवं, जुन्या वळणाचं खणाचं कापड. त्यांच्या स्वतःच्या लग्नातलं पोलकं उसवून शिवलेली.

"हे माही अमानत हाय. तुमच्या घरी ठेवा."

मी उघडून बघितलं. आत दोन लहान थैल्या, एकीत तांदूळ, एकीत मुगाची डाळ. "तुमच्या घरात पेटी असताना माझ्याकडे कशाला?"

"सारं एका घरात ठेवाचं नसते. घर जळलं, पडलं, तर? एक थैली भाईर पाह्यजे."

हे मला पटलं. वादळात पत्रे उडालेले मी पाहिले होते. त्यांना जरा छेडावं म्हणून मी म्हटलं, "डाळ आहे, तांदूळ आहे. आणि मीठ? मीठ विसरलात."

"इसरली नाई," त्या म्हणाल्या. "मीठ तुमच्या घरी हाय ना."

वरण थांबवून पोराला दुकानात पिटाळणारी ही बाई. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी पदर सावरला आणि निघून गेल्या. मला वाटलं, माझ्या त्या दिवशीच्या बोलण्याचं हे चेष्टेतलं उत्तर असेल. थैली मी मिठाच्या बरणीशेजारी फळीवर ठेवली.

त्यानंतर दर दिवाळीला त्या येत, जुनी डाळ-तांदूळ काढून नेत, नवी भरत. थैली फिरवायची, ठेवायची नाही, हा नियम माझ्या फळीवरही लागू होता.

पुढे त्यांना पोटाचं दुखणं लागलं. बुलढाण्याच्या दवाखान्यात फेऱ्या सुरू झाल्या. मशीन बंद पडलं, रामदासभाऊ त्यांच्याबरोबर दवाखान्यात म्हणून त्यांचं कामही बंद पडलं. संतोषच्या एकट्याच्या कमाईत औषधं भागत होती. जेवण भागवलं ते पेटीने. गिरणीवालीची मोरपंखी, पोस्टातल्या बाईंचे ठिपके, माझं जांभळं, एकेक थैली उघडत गेली. वच्छलाबाई खाटेवरून सुनेला कोणती सोडायची ते सांगत. हाताची काडी झाली होती, पण मी भेटायला गेले की तोंडावर एक समाधान असायचं.

"याले म्हंते अडचन," त्या म्हणाल्या. "पाहा म्याडम, माह्या थैल्या कामी येऊन राह्यल्या. कोनाच्याच दारात कोनी गेलं नाई."

"नाही गेलं," मी म्हटलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला, आणि फार वाईटही वाटलं. आम्ही गल्लीभर बायका काही ना काही घेऊन दारात उभ्या होतो, आणि ती पेटी आम्हाला आत येऊ देत नव्हती. फळं तेवढी त्यांनी घेतली, दवाखान्याची रीत म्हणून. सुनेकडून वाटीभर वड्या आमच्याकडे आल्याच.

शेवटच्या दिवाळीला मी सुनेला सांगून ठेवलं होतं की त्यांना येऊ देऊ नकोस, मीच थैली घेऊन येते. तरी त्या आल्या. भिंत धरत धरत, वाटेत दोनदा बसत. थैलीची एक शिवण सैल झाली होती, ती त्यांनी माझ्या ओट्यापाशी बसून हाताने घातली. त्यांच्या हातची टीप कधी वाकडी पडली नव्हती, त्या दिवशी पडली. डाळ-तांदूळ बदलले, नाडी ओढली. मग फळीवरच्या बरणीकडे बघून म्हणाल्या, "मीठ भरेल रायते ना इथं?"

"राहतं," मी म्हटलं. "तुम्ही काळजी नका करू."

"नाई करत," त्या म्हणाल्या.

तुरी घरात यायच्या दिवसांत त्या गेल्या. सकाळी गेल्या, दुपारी सगळं आटोपलं. धामणगाव बढ्याहून त्यांची भावकी आली होती. आमच्याकडे ज्या घरात माणूस जातं तिथली चूल त्या दिवशी पेटत नाही. मसणातून परत आल्यावर घरच्यांच्या तोंडी पहिला घास जातो तो दुसऱ्याच्या चुलीवरचा. कडू घास म्हणतात त्याला. त्यात मिनतवारी नसते, मागणं नसतं, तरी तो परक्या घरचाच असतो. गल्लीतल्या बायका हळू आवाजात ठरवत होत्या, भाकरी कोण टाकेल, पिठलं कोण करेल. मी त्यांच्यातच होते. काहीतरी आणायला म्हणून घरी आले आणि आत जाऊन नुसतीच बसले.

दारात सावली आली. संतोष होता. डोकं ओलं, डोळे सुजलेले. नुसता उभा राहिला.

मी म्हटलं, "ये बाबा, आत ये."

"मायनं सांगून ठेवलं व्हतं," तो म्हणाला. "म्हने, त्या दिवशी दुसऱ्या कोनाच्या दारात जाजो नोको. म्याडमच्या दारात जाय. तिथं आपली थैली हाय."

तेव्हा मला कळलं. घर जळेल, पडेल, हे सगळं मला पटावं म्हणून होतं. ज्या दिवशी काही केल्या आपली चूल पेटणार नाही असा एकच दिवस असतो, आणि त्या बाईने त्याचीही थैली शिवून ठेवली होती. आपल्या माणसाला त्या दिवशीसुद्धा पराया दारात उभं राहावं लागू नये म्हणून. मी रडले. थोडा रागही आला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, जाता जातासुद्धा भांडं भरूनच परत केलंत.

मी हिरवी थैली सोडली. डाळीला नवाच वास होता, दिवाळीतच तर बदललेली. धुऊन एकत्र शिजायला टाकली. त्या दिवशी फोडणी देत नाहीत, हळदही घातली नाही. तांदूळ त्यांचे, डाळ त्यांची. खिचडी शिजत आली तसा माझा हात सवयीने बरणीकडे गेला आणि तिथेच थांबला.

मीठसुद्धा उसनं न घेणाऱ्या बाईने ती थैली वर्षानुवर्षं बिनमिठाची भरली होती. विसरून नाही. त्या संध्याकाळी खड्ड्याच्या काठावर मी आमच्या झोपेबद्दल जे ओरडून बोलले होते, त्याचं उत्तर त्यांनी तेव्हाच दिलं होतं, आणि मी ते चेष्टा समजून फळीवर ठेवून दिलं होतं. मी मीठ घेतलं. नेहमी अंदाजाने टाकते, त्या दिवशी जपून टाकलं.

पातेलं घेऊन मी भिंतीपलीकडे गेले. जात्याची पायरी परत बसवलेली नव्हती, तिथे विटा होत्या. रामदासभाऊ भिंतीला टेकून बसले होते, लंगडा पाय लांब केलेला. मी ताट वाढून पुढे ठेवलं. त्यांनी ताट जवळ ओढलं आणि घास घेतला. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"मीठ बराबर हाय," ते म्हणाले, आणि दुसरा घास घेतला.